पाहुण्यांना लेनबाखहाऊस दाखवताना: अमूर्त चित्रं पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

सोमवारी जाऊ नका. लेनबाखहाऊस हे म्युनिकमधलं कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं. हे मला म्युनिकमधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं, तेही दार दोनदा ओढून बघितल्यावर. गुरुवारी ते संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, म्हणून नोकरी करणाऱ्यांनी गुरुवार धरावा. वेळा आणि तिकिटाचे दर अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एक नजर टाका.

तेव्हापासून मी तिथे बऱ्याच जणांना घेऊन गेले आहे. आईबाबा, आत्या, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले ऑफिसमधले दोघं. दारातच प्रत्येकाने थोड्याफार फरकाने एकच वाक्य म्हटलं: "आम्हाला त्यातलं काही कळत नाही हं." हा लेख अशांसाठीच आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्यांना याचा उपयोग नाही.

इथेच का

पहिलं अमूर्त चित्र, म्हणजे ओळखू येणारी कोणतीच वस्तू नसलेलं चित्र, कोणी काढलं, यावर कलेच्या इतिहासात जुनं भांडण आहे. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंटने १९०६ मध्येच सुरुवात केली होती, पण ती चित्रं तिने जवळजवळ कोणाला दाखवली नाहीत. फ्रांतिशेक कुप्काने १९१२ मध्ये पॅरिसमध्ये आपली जाहीरपणे मांडली. वासिली कँडिन्स्कीच्या एका जलरंगावर १९१० साल लिहिलेलं आहे, पण ते त्याने नंतर घातलं असावं असं अनेक अभ्यासकांना वाटतं. नवख्या माणसाने या वादात पडू नये. पहिला नंबर कोणाचा यापेक्षा तिथवर माणूस पोचला कसा, हे बघण्यात जास्त मजा आहे, आणि ते बघायला लेनबाखहाऊससारखी जागा नाही. १९०८ ते १९१४ या सहा वर्षांत एकाच चित्रकाराच्या, कँडिन्स्कीच्या, हातातून घर, डोंगर, घोडा एकेक करून कसे निसटत गेले, ते इथे भिंतीभिंतीने दिसतं.

हे सगळं एका जागी राहिलं ते गाब्रिएले म्युंटरमुळे. ती स्वतः चित्रकार, आधी कँडिन्स्कीची विद्यार्थिनी आणि मग अनेक वर्षांची जोडीदार. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं, रशियन नागरिक असलेल्या कँडिन्स्कीला जर्मनी सोडावी लागली, आणि पुढे त्याने दुसरीशी लग्न केलं. चित्रं मात्र तिच्याकडे राहिली. नाझींनी १९३७ मध्ये याच शहरात आधुनिक चित्रांची टिंगल करणारं 'विकृत कला' प्रदर्शन भरवलं, त्या काळात तिने ती मुरनाऊ गावातल्या आपल्या घराच्या तळघरात लपवून ठेवली. १९५७ मध्ये, ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, तिने हजाराहून जास्त कलाकृती म्युनिक शहराला देऊन टाकल्या. त्यात कँडिन्स्कीची नव्वदेक तैलचित्रं होती. चित्राशेजारच्या पाटीवर 'जीएमएस' (गाब्रिएले म्युंटर श्टिफ्टुंग, म्हणजे तिचा न्यास) ही अक्षरं आणि आकडा दिसला, तर ते त्या देणगीतून आलेलं आहे असं समजा.

आदल्या रात्री, घरी

दोन प्रयोग करून ठेवा. दहा मिनिटं पुरतात, आणि दुसऱ्या दिवशी ते कामाला येतात.

पहिला. राखाडी कागदाचे दोन सारखे छोटे चौकोन कापा. एक लाल ब्लाउजपीसवर ठेवा, एक हिरव्यावर. एकाच कागदाचे तुकडे असूनही लालवरचा किंचित हिरवट वाटेल आणि हिरव्यावरचा तांबूस. दुसरा प्रयोग आणखी सोपा. पांढऱ्या कागदावर कुंकवाचा रुपयाएवढा ठिपका काढा, तीसेक सेकंद त्यावरून नजर हलवू नका, मग कोऱ्या कागदाकडे बघा. तिथे फिकट हिरवा-निळसर ठिपका तरंगताना दिसेल.

हे आपल्याला सांगितलं मिशेल-युजेन शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकामशाळेत १८२४ पासून तो रंगाई खात्याचा प्रमुख होता. तक्रार अशी आली की काळा धागा नीट रंगत नाही, निळ्या-जांभळ्या नक्षीत तो मळका दिसतो. शेव्रलने धागे तपासले. रंगात खोट नव्हती, खोट शेजाऱ्यात होती. निळ्याला लागून बसवल्यावर तोच काळा डोळ्याला फिका वाटत होता. त्यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि स्वतः १०२ वर्षं जगला. साडीच्या दुकानात काठ आणि पदर एकत्र धरून, उजेडात नेऊन बघणाऱ्या कोणत्याही बाईला यातलं मर्म आधीच ठाऊक असतं. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. एवढं एक वाक्य घेऊन संग्रहालयात शिरलात तरी चालेल.

तिकीट, बॅग आणि बाकी कटकटी

मुख्य रेल्वे स्टेशनवरून यू-२ या भुयारी गाडीने क्योनिग्सप्लाट्झ हे पुढचंच स्थानक. चालत गेलात तरी दहा-बारा मिनिटं. बाहेरच्या भव्य चौकात नाझींच्या कवायती होत आणि १० मे १९३३ला पुस्तकंही जाळली गेली. तळघरातली ती चित्रं आज त्याच चौकाच्या कडेला टांगलेली आहेत.

इमारत दोन तुकड्यांची. फ्रांझ फॉन लेनबाख या श्रीमंत व्यक्तिचित्रकाराचा पिवळा बंगला, आणि त्याला जोडून २०१३ मध्ये उघडलेली, वास्तुकार नॉर्मन फॉस्टरच्या कचेरीने केलेली सोनेरी धातूची इमारत. आत शिरताच डोक्यावर रंगीत काचांची एक भोवऱ्यासारखी गुंडाळी लटकलेली दिसते. ती ओलाफुर एलियासन या कलाकाराची. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना इथे पाच मिनिटं द्या, भिंतीवर पडलेले रंगीत कवडसे त्यांना बरोबर सापडतात.

मोठी बॅग, पाठीवरची सॅक, ओली छत्री आत नेऊ देत नाहीत, ती लॉकरमध्ये ठेवायची. फ्लॅश मारायचा नाही. चित्राकडे बोट दाखवताना हात आवरा. आपल्याला बोलताना हातवारे करायची सवय, आणि इथले पहारेकरी त्याला फार घाबरतात. बाबांना एकदा अगदी नम्रपणे मागे व्हायला सांगितलं गेलं, तर ते उरलेला दिवस हात पाठीमागे बांधून हिंडले, शाळा तपासणीला आलेल्या साहेबासारखे.

पाट्या जर्मन आणि इंग्रजीत असतात. जर्मन पाटीवरचे तीन-चार शब्द ओळखता आले की बरं वाटतं: 'लाइनवांट' म्हणजे कॅनव्हास, 'पापे' म्हणजे पुठ्ठा, 'लाइगाबे' म्हणजे उसनं आणलेलं. पुठ्ठा हा शब्द मुरनाऊच्या चित्रांवर वारंवार दिसेल. उघड्यावर बसून, झपाट्याने, स्वस्तात रंगवायचं तर पुठ्ठा सोयीचा. काही ठिकाणी रंगांमधून त्याचा तपकिरी पोत तसाच सोडलेला आहे. ती जागा शोधा.

एक सूचना आणखी. चित्रं परगावी प्रदर्शनांना जात असतात आणि मांडणीही बदलते. खाली सांगितलेल्यांपैकी एखादं जागेवर नसेल, तर हिरमुसू नका, त्याच्या शेजारचं बघा.

पहिली फेरी: फक्त घोडे, घरं आणि आगगाड्या

थेट 'निळा घोडेस्वार' या, कँडिन्स्की, फ्रांझ मार्क आणि त्यांच्या चित्रकार मित्रांच्या गटाच्या दालनांकडे जा. ऑडिओ गाइड नको. पहिल्या फेरीत रंगांचा विचार करायचा नाही, पाट्यांवरची फक्त सालं वाचायची आणि वस्तू शोधायच्या. हा खेळ आहे असंच समजा.

१९०८-०९ च्या मुरनाऊच्या चित्रांपासून सुरुवात करा. इथे सगळं ओळखू येतं. १९०९ चं आगगाडीचं चित्र शोधा: काळी गाडी, पांढरा धूर, रुळांच्या कडेचा तारेचा खांब. गाडी गाडीच आहे, पण तिचे डबे, खिडक्या, माणसं गेली आहेत, उरलाय एक काळा धावता आकार. इथून वस्तू पातळ व्हायला लागते.

मग १९११. 'रोमँटिक निसर्गदृश्य' नावाच्या चित्रात तीन घोडेस्वार उतारावरून खाली सुटलेत. ते सापडायला अर्धं मिनिट लागेल, पण सापडले की डोळ्याला ते सोडवत नाहीत. त्यानंतर १९१२ चं 'इम्प्रोव्हायझेशन २६'. याला कंसात 'वल्हवणं' असं उपनाव आहे. लाल वळणदार रेघ म्हणजे होडी, तिरक्या काळ्या रेघा म्हणजे वल्ही. उपनाव झाकून आधी बघा, मग वाचा. चौथ्या-पाचव्या चित्रापर्यंत तुमची तुम्हालाच होड्या, बुरूज, घोडे सापडायला लागतील, आणि मग एक वेळ अशी येईल की शोधून शोधून काही सापडणार नाही. तिथे थांबा. तुम्ही पोचलात.

कँडिन्स्की स्वतः एक गोष्ट सांगायचा. संध्याकाळच्या अंधुक उजेडात तो स्टुडिओत शिरला, तर भिंतीशी एक अतिशय सुंदर, कसलं ते न कळणारं चित्र. जवळ गेल्यावर कळलं, आपलंच चित्र आडवं ठेवलेलं आहे. दुसऱ्या दिवशी उजेडात ती मोहिनी परत येईना, कारण आडवं असूनही त्यातल्या वस्तू ओळखू येत होत्या. वस्तू माझ्या चित्रांना नडतात, असा निष्कर्ष त्याने काढला. गोष्ट जरा घोटून गुळगुळीत केलेली वाटते मला. तरी हा माणूस मॉस्कोत कायदा शिकलेला, प्राध्यापकाची नोकरी चालून आलेली असताना ती नाकारून तिशीत चित्रकला शिकायला म्युनिकला आलेला. एका संध्याकाळमुळे आयुष्य बदलणं त्याला नवीन नव्हतं.

या फेरीत म्युंटरचं १९०९ चं 'ऐकताना' हे छोटं चित्र चुकवू नका. गुलाबी गोल चेहऱ्याचा, भुवया उंचावलेला एक गृहस्थ टेबलाशी बसलाय. हा याव्लेन्स्की, त्यांच्याच गटातला नावाजलेला चित्रकार. कँडिन्स्की त्याला कलेचे सिद्धांत समजावतोय आणि त्याच्या चेहऱ्यावर नुसतं बावचळलेपण आहे. "आम्हाला कळत नाही" म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी आधी याच्यासमोर उभं करते. खुद्द याव्लेन्स्कीचीही तीच गत होती म्हटल्यावर त्यांचे खांदे सैल पडतात.

दुसरी फेरी: रंग

आता वस्तू सोडा. फ्रांझ मार्कचा १९११ चा 'निळा घोडा' घ्या, तो सगळ्यांनाच आवडतो. कँडिन्स्कीचा नियम असा की पिवळा बघणाऱ्याच्या अंगावर येतो आणि निळा आत, दूर ओढला जातो. नियम खरा की खोटा, इथे तपासा. घोडा निळा, मागच्या टेकड्यांमध्ये पिवळा आणि लाल. नियमाप्रमाणे घोडा मागे जायला हवा. जातो का? पाच पावलं मागे या, डोळे अर्धवट मिटा, परत बघा. मला तो आकाराने पुढे उभा आणि रंगाने आत ओढलेला, असा दोन्हीकडे ताणलेला दिसतो. तुम्हाला वेगळं दिसलं तर तुमचं खरं.

मार्कने १९१० च्या डिसेंबरात आपला चित्रकार मित्र माके याला लिहिलेल्या पत्रात रंगांची वाटणी करून टाकली होती: निळा म्हणजे पुरुष, कडक आणि आध्यात्मिक; पिवळा म्हणजे स्त्री, मृदू आणि आनंदी; लाल म्हणजे जड, दांडगं भौतिक जग. कँडिन्स्कीने वर्षभराने छापलेल्या पुस्तकात प्रत्येक रंगाला वाद्य दिलं. फिकट निळा बासरी, गडद निळा चेलो, पिवळा कर्कश तुतारी. पांढरा म्हणजे शक्यतांनी भरलेली शांतता, काळा म्हणजे मेलेली शांतता. आणि हिरवा? हिरवा त्याला गलेलठ्ठ, सुदृढ, रवंथ करत पडलेल्या गाईसारखा वाटायचा.

हे मी आत्याला सांगितलं तर ती भर दालनात फणकारली. "अगं, हिरवा चुडा भरतात तो काय गाय म्हणून?" तिचं बरोबर होतं. ज्या घरात संक्रांतीला हौसेने काळी चंद्रकळा नेसतात, त्या घरच्या बाईला काळा म्हणजे मेलेली शांतता हे कसं पटावं? म्हणून ही यादी शब्दकोशासारखी वापरू नका. पिवळा दिसला की तुतारी, निळा दिसला की अध्यात्म, असं करत फिरलात तर चित्र दिसेनासं होतं. शेव्रलने सांगितलेलं तुमच्या माझ्या डोळ्यांत सारखंच घडतं, ते घरी कागदावर तपासता येतं. कँडिन्स्कीने सांगितलेलं हे त्याच्या स्वतःच्या कानांचं आणि डोळ्यांचं टिपण आहे. या दोन्ही गोष्टी अनेकदा एकाच दमात 'रंगसिद्धांत' म्हणून सांगितल्या जातात, आणि नवख्याचा घोटाळा होतो तो तिथेच.

त्या टिपणाची एक वाट आपल्याकडून जाते, हे मात्र पाहुण्यांना सांगण्यासारखं. कँडिन्स्कीच्या पुस्तकात मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि तिने उभ्या केलेल्या थिऑसॉफी या गूढ अध्यात्मपंथाचा आदराने उल्लेख आहे. ही बाई आणि तिचा सहकारी कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, काही वर्षं तिथूनच त्यांचं काम चाललं, आणि मग ते मद्रासजवळ अड्यारला गेले. उलट दिशेनेही एक खेप झाली. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याला भारतीय चित्रकारांच्या जोडीला बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या मंडळींचं प्रदर्शन भरलं, त्यात कँडिन्स्की आणि चित्रकार क्ले यांची कामं होती. आणि नागपुरात जन्मलेले, जे. जे.त शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना 'अमूर्त' न म्हणता 'वस्तुनिरपेक्ष' या अर्थाचा शब्द वापरायचे, तो याच परंपरेतला.

एका चित्रासमोर दहा मिनिटं

सगळी दालनं बघायची नाहीत. एक चित्र निवडा आणि त्याच्यासमोर बसा, बाकं असतात. माझी शिफारस 'इम्प्रेशन ३', कँडिन्स्की, १९११. उपनाव 'मैफल'. आकाराने फार मोठं नाही, रुंदी जेमतेम एक मीटर.

१९११ च्या जानेवारीच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये संगीतकार आर्नोल्ड श्योनबर्गच्या संगीताचा कार्यक्रम झाला. मित्रमंडळींसोबत कँडिन्स्की गेला, आणि थोड्याच दिवसांत हे चित्र तयार होतं. मधला मोठा काळा आकार म्हणजे पियानोचं उघडलेलं झाकण. डावीकडे खाली वाकलेले, गर्दीने बसलेले श्रोते. आणि उजवीकडून सगळं व्यापत येणारा पिवळा. तो कसलाच नाही. त्या रंगाला कोणतीही वस्तू चिकटलेली नाही.

आधी तीन मिनिटं नुसतं बघा. मग एक डोळा मिटा आणि अंगठा डोळ्यासमोर धरून काळा आकार झाका. चित्राजवळ हात न्यायचा नाही, आपल्याच डोळ्यासमोर धरायचा. पिवळ्याचा जोर ओसरतो की नाही? अंगठा काढा, परत चढतो. काल रात्रीचा राखाडी कागद आठवा. आता पिवळा झाकून काळ्याकडे बघा. मग पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं तेच करा. एवढं झाल्यावर ज्याला वाटेल त्याने श्योनबर्गचं त्या काळातलं पियानोसाठीचं संगीत कानात लावून पुन्हा बघावं. मी केलंय, मला संगीत आवडलं नाही, चित्र तेवढंच आवडलं.

आत्याने इथे विचारलं, "हे काय काढलंय?" मी म्हटलं, मैफल. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मग बाजा फार मोठ्याने वाजत असणार." मी पुढे काही समजावलं नाही.

दीड-दोन तासांत निघा. त्यानंतर डोळा खरोखर दमतो आणि सगळी चित्रं सारखी दिसायला लागतात. तिकीट मात्र फेकू नका. भुयारी स्थानकाच्या वरच्या पोकळीत 'कुन्स्टबाऊ' म्हणून या संग्रहालयाचंच लांबलचक दालन आहे, तिथे तात्पुरती प्रदर्शनं भरतात. तुमचं तिकीट तिथे चालतं का, ते खिडकीवर विचारून ठेवा.

वेळ असेल तर मुरनाऊ

पाहुणे आठवडाभर राहणार असतील तर एक दिवस मुरनाऊला द्या. म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून रेल्वेने साधारण तास लागतो. म्युंटरने १९०९ मध्ये घेतलेलं घर आता संग्रहालय आहे. गावकरी त्याला 'रशियनांचं घर' म्हणायचे. ते दुपारनंतरच उघडतं, म्हणून सकाळी आधी गावातून हिंडा. पुठ्ठ्यावर बघितलेले रस्ते, चर्च, मागचे डोंगर जागच्या जागी आहेत, फक्त कँडिन्स्कीच्या मानाने फारच फिके. संध्याकाळी ऊन उतरल्यावर डोंगर खरोखर निळे होतात, तेव्हा त्याच्यावरचा संशय थोडा कमी होतो.

घर लहान आहे, खोल्या अरुंद, गर्दी असेल तर बाहेर बाग बघत थांबा. आत गेल्यावर लाकडी जिना नीट बघा. कँडिन्स्कीने तो स्वतःच्या हाताने रंगवलाय, आणि त्याच्या कडेने फुलांमधून घोडेस्वार निघालेत. लेनबाखहाऊसमध्ये दालनभर शोधावे लागलेले ते घोडे इथे ढळढळीत दिसतात, चार पाय, शेपूट, सगळ्यासकट.